इंग्लंडमधील कौन्सिल टॅक्स सवलतीला कात्री: अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांनी टप्प्याटप्प्याने काय करावे

मार्च महिन्यात इंग्लंडमधल्या घरोघरी पुढच्या आर्थिक वर्षाचे कौन्सिल टॅक्सचे (स्थानिक कौन्सिलच्या घरकराचे) बिल येते आणि ज्या कुटुंबाला आतापर्यंत नाममात्र रक्कम भरावी लागत होती, त्याच्या बिलावर एकाएकी चारशे-पाचशे पौंडांचा आकडा दिसतो. पगार वाढलेला नसतो, घरही बदललेले नसते; बदललेली असते ती स्थानिक कौन्सिलची सवलत योजना. ही योजना काही ठिकाणी ‘कौन्सिल टॅक्स रिडक्शन’ तर काही ठिकाणी ‘कौन्सिल टॅक्स सपोर्ट’ या नावाने ओळखली जाते, पण गोष्ट एकच. तिला कात्री लागली म्हणजे सगळे मार्ग बंद झाले, असे समजून अनेकजण गप्प बसतात. वास्तविक कौन्सिलला कात्री लावता येते ती फक्त तिच्या स्वतःच्या योजनेला. कायद्याने दिलेल्या इतर सवलती, अडचणीच्या काळातील खास सूट आणि अपिलाचा हक्क यांना ती हात लावू शकत नाही. मात्र यातले बहुतेक काही आपणहून मिळत नाही. ते लेखी मागावे लागते, वेळेत मागावे लागते आणि नेमके काय मागतो आहोत ते सांगावे लागते.

कपात येते कुठून

१ एप्रिल २०१३ पूर्वी कौन्सिल टॅक्स बेनिफिट ही देशव्यापी मदत होती. केंद्र सरकारने ती बंद केली, तिच्यासाठीचा निधी सुमारे १० टक्क्यांनी कमी केला आणि सवलतीचे नियम ठरवण्याचे काम स्थानिक कौन्सिलांवर सोपवले. त्याच वेळी पेन्शनच्या वयाच्या लोकांसाठीचे नियम मात्र केंद्राने आपल्याच हाती ठेवले. परिणामी कपातीचा सगळा भार कामकरी वयाच्या गरीब कुटुंबांवर आला आणि तो आजही तिथेच आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये अजूनही देशपातळीवरची एकच योजना चालते. म्हणून पुढचे विवेचन केवळ इंग्लंडपुरते आहे.

कौन्सिलांची आर्थिक स्थिती नंतरच्या काळात अधिकच खालावली. क्रॉयडनने २०२० मध्ये, स्लाउने २०२१ मध्ये, थरॉकने २०२२ मध्ये, तर वोकिंग आणि बर्मिंगहॅमने २०२३ मध्ये कलम ११४ ची नोटीस काढली; म्हणजे उपलब्ध पैशांत खर्च भागणार नाही, असे अधिकृतपणे जाहीर केले. अशी नोटीस न काढलेल्या कौन्सिलांवरही ताण आहेच, आणि सवलत योजना हा खर्च कमी करण्याचा हाताशी असलेला मार्ग ठरतो.

कपात वेगवेगळ्या रूपांत येते आणि आपल्या वाट्याला कोणते रूप आले आहे हे आधी ओळखावे लागते. सर्वांत सरळ रूप म्हणजे किमान भरणा: उत्पन्न कितीही कमी असो, बिलाचा ठरावीक हिस्सा प्रत्येकाने भरायचाच. दुसरे रूप बँडच्या (घराच्या किमतीनुसार ठरलेल्या करगटाच्या) मर्यादेचे: घर ई बँडचे असले तरी सवलत डी किंवा सी बँडच्या बिलाइतकीच मोजायची. काही कौन्सिली बचतीची मर्यादा १६,००० पौंडांवरून बरीच खाली आणतात, तर काही उत्पन्नाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला ठरावीक टक्के देतात. टप्प्यांची पद्धत वरवर सोपी दिसते, पण आठवड्याला दोन-चार पौंड जास्त मिळाले तरी कुटुंब खालच्या सवलतीत ढकलले जाऊ शकते. आणखी एक रूप आपल्या एकत्र कुटुंबांना विशेष जाचक ठरते. घरात राहणारा मिळवता मुलगा किंवा भाऊ घरखर्चाला हातभार लावतो असे गृहीत धरून सवलतीतून वजावट केली जाते, मग तो प्रत्यक्षात काही देत असो वा नसो.

आकड्यांत पाहू. २०२५-२६ मध्ये इंग्लंडमधील डी बँडचे सरासरी बिल २,२८० पौंड होते. पूर्ण सवलत मिळणाऱ्या घराला २० टक्के किमान भरणा लागू झाला, तर त्या घराला वर्षाला ४५६ पौंड भरावे लागतील; दहा हप्त्यांत महिन्याला ४५ पौंड ६० पेन्स, बारा हप्त्यांत ३८ पौंड. त्याच घरात एकच प्रौढ व्यक्ती राहत असेल तर आधी २५ टक्के सूट वजा होऊन बिल १,७१० होते आणि त्याचे २० टक्के म्हणजे ३४२ पौंड भरावे लागतात. यासाठीच सवलतीच्या अर्जाआधी इतर सूट तपासायची असते.

पहिला टप्पा: आपण कोणत्या गटात आहोत

पेन्शनचे वय गाठलेल्या व्यक्तीला केंद्राचे नियम लागू होतात आणि स्थानिक कपात तिला लागू करता येत नाही. हे वय ६६ आहे आणि २०२६ ते २०२८ या काळात ते टप्प्याटप्प्याने ६७ होत आहे. पेन्शन क्रेडिटमधील (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणाऱ्या सरकारी मदतीतील) गॅरंटी क्रेडिट मिळत असेल, तर बिलावर शंभर टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते आणि बचतीची १६,००० पौंडांची मर्यादाही आड येत नाही.

पती ६७ वर्षांचे आणि पत्नी ५९ वर्षांची, अशी घरे आपल्याकडे बरीच असतात. अशा जोडप्याने अर्ज वयाने मोठ्या जोडीदाराच्या नावाने करावा. दोघांपैकी कोणालाही युनिव्हर्सल क्रेडिट (कामकरी वयाच्या कमी उत्पन्नाच्या लोकांची सरकारी मदत) किंवा कामकरी वयाचे दुसरे उत्पन्नाधारित बेनिफिट मिळत नसेल, तर त्या घराला पेन्शनरांचे नियम लागू होतात. अर्ज पत्नीच्या नावाने गेला तर तेच घर स्थानिक योजनेच्या कपातीत सापडू शकते. फॉर्मवरच्या एका नावामुळे एवढा फरक पडतो, म्हणून ही बाब दोनदा तपासावी.

दुसरा टप्पा: व्हिसाची अट

अर्ज भरण्यापूर्वी हे पाहणे अत्यावश्यक आहे. ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी घेण्यास मनाई आहे, म्हणजे स्किल्ड वर्कर, विद्यार्थी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले बहुतेक लोक, त्यांनी कौन्सिल टॅक्स रिडक्शनसाठी अर्ज करू नये. ही सवलत इमिग्रेशन नियमांतील सार्वजनिक निधीच्या यादीत आहे आणि ती घेतल्यास पुढच्या व्हिसावर त्याचा परिणाम होऊ शकतो. एकट्या प्रौढ व्यक्तीला मिळणारी २५ टक्के सूट मात्र सार्वजनिक निधी धरली जात नाही, त्यामुळे ती निर्धास्तपणे मागावी.

घरातले सगळेच प्रौढ पूर्ण वेळ शिकत असतील, तर त्या घराला कौन्सिल टॅक्स माफ असतो. विद्यार्थ्याचा जोडीदार ब्रिटिश नागरिक नसेल आणि व्हिसाच्या अटींमुळे त्याला नोकरी करण्यास किंवा बेनिफिट घेण्यास मनाई असेल, तर त्यालाही कराच्या हिशेबातून वगळले जाते. पुण्या-नाशिकहून शिकायला आलेली अनेक जोडपी हा नियम ठाऊक नसल्यामुळे नोकरी करणाऱ्या जोडीदाराच्या नावाने आलेले बिल मुकाट्याने भरत राहतात.

आई-वडिलांना कायमचे इकडे आणताना मुलाने किंवा मुलीने त्यांच्या पालनपोषणाची लेखी हमी दिली असेल, तर हमी दिल्याच्या किंवा ते देशात आल्याच्या तारखेपासून, यापैकी जी नंतरची असेल तेव्हापासून, साधारणपणे पाच वर्षे ही सवलत मिळत नाही. हमी देणारी व्यक्ती दिवंगत झाली तर नियम वेगळा आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडन किंवा साउथॉलमध्ये स्थायिक झालेल्या गोवेकरांपैकी ज्यांना सेटल्ड दर्जा (कायम राहण्याचा हक्क) मिळाला आहे त्यांना याबाबत अडचण नाही. पण प्री-सेटल्ड (त्याआधीचा, मर्यादित मुदतीचा) दर्जा एवढ्यावर भागत नाही, त्यासोबत काम किंवा तत्सम आधारावर राहण्याचा हक्क दाखवावा लागतो. अनेक वर्षे भारतात राहून परतलेल्या ब्रिटिश नागरिकालाही इथला नित्य रहिवास सिद्ध करावा लागतो. जोडीदारांपैकी एकालाच मनाई असेल, तर इमिग्रेशनचा सल्ला देण्यास अधिकृत परवानगी असलेल्या सल्लागाराला विचारल्याशिवाय अर्ज करू नये.

तिसरा टप्पा: सवलतीआधीच्या सुटी

सुटी म्हणजे इथे बिलातून आधी वजा होणाऱ्या रकमा. त्यांचा उत्पन्नाशी संबंध नसतो आणि कौन्सिलच्या कपातीचाही नसतो. घरात एकच प्रौढ असेल तर २५ टक्के सूट मिळते, हे बहुतेकांना माहीत असते. घरातल्या एखाद्या प्रौढाला हिशेबातून वगळता येते, हे मात्र फार कमी लोकांना ठाऊक असते. डिमेन्शियासारख्या आजाराने ज्यांची आकलनशक्ती कायमची ढासळली आहे, अशा व्यक्तीबाबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र असेल आणि ती अटेंडन्स अलाउन्ससारख्या (देखभालीची गरज असलेल्या ज्येष्ठांसाठीच्या) बेनिफिटला पात्र असेल, तर तिची गणना होत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या आईबरोबर एकटी मुलगी राहत असेल, तर त्या घराला २५ टक्के सूट मिळते. अशी व्यक्ती घरात एकटीच राहत असेल तर पूर्ण करमाफी. आई-वडिलांची आठवड्याला किमान ३५ तास शुश्रूषा करणारा आणि त्यांच्याच घरी राहणारा मुलगा इतर अटी पूर्ण करत असेल, तर त्यालाही वगळले जाते. जोडीदाराची शुश्रूषा मात्र यात धरली जात नाही.

अपंग व्यक्तीच्या गरजेसाठी घरात जास्तीचे स्नानगृह किंवा स्वयंपाकघर असेल, खास तिच्या गरजेची खोली असेल किंवा व्हीलचेअर फिरवायला जास्त जागा ठेवावी लागत असेल, तर बिल एक बँड खाली येते. घर मुळातच ए बँडचे असेल तरी त्या बिलाचा सहावा हिस्सा कमी होतो. यातल्या अनेक सुटी मागील तारखेपासून मागता येतात, म्हणून निदान केव्हा झाले आणि बेनिफिट केव्हापासून सुरू झाले, या तारखांची कागदपत्रे जोडावीत.

चौथा टप्पा: अर्ज

युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज केला म्हणजे कौन्सिल टॅक्सच्या सवलतीचाही झाला, हा सर्वाधिक महागात पडणारा गैरसमज आहे. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये या कराचा कोणताही हिस्सा नसतो. सवलतीचा अर्ज आपल्या कौन्सिलकडे वेगळा करावा लागतो, आणि कौन्टी व डिस्ट्रिक्ट अशी दुहेरी रचना असलेल्या भागात तो डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे करायचा असतो. बहुतेक योजनांत सवलत अर्जाच्या दिवसापासून किंवा त्यापुढच्या सोमवारपासून सुरू होते, त्यामुळे सगळी कागदपत्रे गोळा होईपर्यंत थांबू नये. अर्ज आज दाखल करावा आणि कागद मागाहून द्यावेत. पेन्शनरांचा अर्ज तीन महिन्यांपर्यंत मागील तारखेपासून धरला जातो. कामकरी वयाच्या लोकांना मागील काळाची सवलत द्यायची की नाही, हे प्रत्येक कौन्सिल ठरवते. काही ठिकाणी सबळ कारण दाखवावे लागते, काही ठिकाणी ती मिळतच नाही.

बचतीच्या रकान्यात भारतातील मालमत्ता लपवू नये. स्टेट बँकेतील मुदत ठेव, एनआरओ खाते, ठाण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट, भारतातून येणारे निवृत्तिवेतन हे सारे उत्पन्नात किंवा भांडवलात मोजले जाते. फ्लॅटच्या किमतीतून त्यावरचे कर्ज आणि विक्रीखर्चासाठी १० टक्के वजा होतात. सामाईक वडिलोपार्जित मालमत्तेत आपल्या हिश्शाचाच विचार होतो. खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे आणि खरी माहिती नीट मांडली तर पुष्कळदा पात्रता शाबूत राहते.

पाचवा टप्पा: अडचणीच्या काळातील खास सूट

कपातीला तोंड देण्याचे सर्वांत प्रभावी साधन हेच आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत कमी वापरले जाणारेही. स्थानिक शासन वित्त कायदा १९९२ च्या कलम १३ए(१)(सी) नुसार कौन्सिलला कोणाचेही बिल स्वतःच्या अधिकारात कितीही कमी करता येते, अगदी शून्यही करता येते. हा अधिकार सवलत योजनेपासून स्वतंत्र आहे. योजनेतून पूर्ण सवलत मिळत नसलेल्या कुटुंबालाही ही सूट मागता येते. काही कौन्सिली यासाठी हार्डशिप फंड नावाने वेगळा फॉर्म ठेवतात. फॉर्म सापडला नाही तर साधे पत्र किंवा ई-मेल पुरतो, मात्र त्यात या कलमाचा क्रमांक लिहावा. क्रमांक लिहिला की ती केवळ विनवणी राहत नाही, कायद्याखालील अर्ज होतो आणि कौन्सिलला त्यावर निर्णय द्यावा लागतो.

पत्र कसे लिहावे, हे एका उदाहरणाने पाहू. दोन लहान मुले, पतीची डिलिव्हरीची अनियमित कमाई, पत्नीचे शाळेच्या कॅन्टीनमधले अर्धवेळ काम, आणि नव्या योजनेमुळे बिल शून्यावरून ४५६ पौंडांवर गेलेले. पहिल्या परिच्छेदात खाते क्रमांक, पत्ता, आर्थिक वर्ष आणि ‘कलम १३ए(१)(सी) अन्वये माझे देणे ४५६ पौंडांनी कमी करावे’ अशी थेट मागणी असावी. दुसऱ्या परिच्छेदात सवलत आधी किती होती, आता किती आहे आणि योजनेच्या कोणत्या बदलामुळे ती कमी झाली हे लिहावे. तिसऱ्यात महिन्याचा जमाखर्च आकड्यांत मांडावा: भाडे, गॅस-वीज, पाणी, किराणा, मुलांचा बसखर्च, कर्जाचे हप्ते. ‘आम्हाला फार त्रास होतो’ या वाक्यापेक्षा ‘सर्व आवश्यक खर्च वजा जाता महिन्याला ११ पौंड उरतात आणि हप्ता ४५ पौंड ६० पेन्स आहे’ हे वाक्य निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला टाळता येत नाही. शेवटच्या परिच्छेदात खर्च कमी करण्यासाठी काय केले, घरात कोणाचे आजारपण आहे का, आणि ही स्थिती किती काळ राहील असे वाटते, ते सांगावे. तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट जोडावीत. आपल्या लोकांना घरचे हिशेब बाहेर मांडणे जड जाते, आणि भारतात पाठवलेले पैसे दाखवताना तर विशेष संकोच वाटतो. ते पैसे आईच्या औषधासाठी असतील तर पावतीसह तसे लिहावे. कारण न देता स्टेटमेंटमध्ये दिसलेली रक्कम ऐच्छिक खर्च समजली जाण्याचा धोका असतो.

सहावा टप्पा: फेरविचार आणि अपील

सवलतीचा हिशेब चुकला असे वाटल्यास किंवा खास सूट नाकारली गेल्यास आधी कौन्सिलला कारणांसह लेखी कळवावे. उत्तर पटले नाही तर त्या उत्तराच्या तारखेपासून दोन महिन्यांत व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे (कौन्सिलपासून स्वतंत्र असलेल्या न्यायाधिकरणाकडे) अपील करता येते. कौन्सिलने दोन महिन्यांत उत्तरच दिले नाही, तर आपल्या पहिल्या पत्रापासून चार महिन्यांच्या आत अपील करावे. ट्रिब्युनल कोणतेही शुल्क घेत नाही आणि वकिलाची सक्ती नाही. मात्र ही योजनाच अन्यायकारक आहे, ती रद्द करा, अशी मागणी तिथे चालत नाही. योजना आपल्याला बरोबर लागू केली का आणि खास सूट नाकारणे योग्य होते का, एवढेच तिथे तपासले जाते. अपील प्रलंबित असले तरी बिल भरण्याची जबाबदारी थांबत नाही, म्हणून जमेल तेवढी रक्कम भरत राहावे.

थकबाकी झालीच तर

एक हप्ता चुकला की रिमाइंडर येते आणि सात दिवसांची मुदत मिळते. ती उलटून आणखी सात दिवस गेले की हप्त्यांची सोय जाते आणि वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते. त्यानंतर मॅजिस्ट्रेट कोर्टाचे समन्स आणि लायबिलिटी ऑर्डर (थकबाकी वसुलीची परवानगी देणारा कोर्टाचा आदेश) निघते, खर्च बिलात मिळवला जातो आणि मग पगारातून किंवा बेनिफिटमधून कपात, नाहीतर बेलिफ (थकबाकी वसूल करायला घरी येणारा माणूस). पैसे नाहीत हा लायबिलिटी ऑर्डरविरुद्धचा बचाव ठरत नाही, त्यामुळे कोर्टाच्या तारखेपर्यंत न थांबता रिमाइंडर आल्याच दिवशी कौन्सिलला कळवून हप्ता बांधून घ्यावा. दहाऐवजी बारा हप्ते मागणे हा आपला हक्क आहे.

बेलिफ आलेच तर कौन्सिल टॅक्सच्या थकबाकीसाठी त्यांना पहिल्या भेटीत दार तोडून घरात शिरता येत नाही. दार बंद ठेवून बोलावे. सिटिझन्स अॅडव्हाइस किंवा स्टेपचेंजसारख्या संस्थांतील कर्ज सल्लागारामार्फत ‘ब्रीदिंग स्पेस’ घेतल्यास ६० दिवस थकबाकीची वसुली थांबते. चालू हप्ते मात्र त्या काळातही भरावे लागतात.

इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजने २०१९ मध्ये केलेल्या अभ्यासात, सवलत कमी केल्यामुळे गरीब कुटुंबांवर जो जास्तीचा कर आला त्यातला सुमारे एक चतुर्थांश वसूलच होत नाही, असे आढळले. ज्यांच्याकडे पैसेच नाहीत त्यांच्याकडून ते मागण्याचा हा परिणाम आहे, आणि कौन्सिलपुढे बाजू मांडताना हा निष्कर्ष जरूर सांगावा.

पुढच्या वर्षाची योजना ठरण्यापूर्वी

योजना वर्षाच्या मध्येच बदलता येत नाही. पुढच्या वर्षासाठीचा बदल ११ मार्चपूर्वी मंजूर व्हावा लागतो आणि तो मंजूर करण्याचा अधिकार फक्त पूर्ण कौन्सिलच्या सभेला असतो. त्याआधी मसुदा प्रसिद्ध करून लोकांचे म्हणणे मागवणे बंधनकारक आहे. ही प्रक्रिया बहुधा उन्हाळा ते हिवाळा या काळात होते, म्हणून सप्टेंबरपासून कौन्सिलच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवावे.

हे म्हणणे मागवणे केवळ उपचार ठरू नये, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये हॅरिंगे कौन्सिलच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्या कौन्सिलने सवलत कमी करण्याचा प्रस्ताव लोकांपुढे ठेवला, पण कर वाढवणे, इतर सेवांवरील खर्च कमी करणे किंवा राखीव निधी वापरणे हे पर्याय होते आणि ते का नाकारले, हे सांगितलेच नाही. म्हणून ती प्रक्रिया बेकायदा ठरली. त्याच वर्षी सँडवेल कौन्सिलने घातलेली दोन वर्षांच्या वास्तव्याची अट उच्च न्यायालयाने रद्द केली. त्यामुळे मसुदा वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात: पर्याय दिले आहेत का, समानता कायद्याच्या दृष्टीने अपंग, स्त्रिया आणि मुले असलेल्या कुटुंबांवरील परिणाम तपासला आहे का, आणि ज्यांची सवलत कमी होणार त्यांच्यासाठी संक्रमण काळाची काय तरतूद केली आहे, कारण अशा तरतुदीचा विचार करणे कायद्याने आवश्यक आहे.

आपले म्हणणे ऑनलाइन प्रश्नावलीत देऊन थांबू नये, कारण तिचे प्रश्न कौन्सिलच्या सोयीचे असतात. वॉर्डच्या नगरसेवकाला वेगळे पत्र लिहावे आणि त्यात आपल्या घरावर पडणारा फरक पौंडांत मांडावा. ब्रेंट, हॅरो, हौन्सलो, स्लाउ, लेस्टर अशा भागांतील मराठी मंडळांनी एखादी संध्याकाळ याच कामासाठी ठेवली, तर इंग्रजी फॉर्मला बिचकणाऱ्या ज्येष्ठांना आणि नव्याने आलेल्या कुटुंबांना मोठा आधार होईल. योजना मंजूर झाल्यावर तिच्या वैधतेलाच आव्हान द्यायचे असेल, तर उच्च न्यायालयात न्यायिक पुनर्विलोकनाचा अर्ज विनाविलंब आणि फार तर तीन महिन्यांत करावा लागतो; त्यासाठी सभेचा निर्णय झाला त्याच आठवड्यात लॉ सेंटरमधील किंवा लीगल एडवर (सरकारी खर्चाच्या कायदेशीर मदतीवर) काम करणाऱ्या सॉलिसिटरला (वकिलाला) गाठावे.